कारवान कुत्रा पाळण्याआधी आणि पाळल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरणी, आमची कारवान कुत्री, आता दहा वर्षांची आहे. तिच्याआधी वडिलांच्या काळात घरात दोन कारवान होऊन गेले. सांगली जिल्ह्यातल्या जत भागात वाढल्यामुळे हा कुत्रा मी लहानपणापासून बघत आलोय. अलीकडे शहरातली माणसंही तो पाळायला लागली आणि फोनवर तेच ते प्रश्न यायला लागले. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच असतं. कुत्रा म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर लॅब्रेडॉर किंवा अल्सेशियन येतो आणि कारवान त्या मापात बसत नाही. त्याचं माप वेगळं आहे. तो डोळ्यांनी शिकार हेरणारा, वाऱ्यासारखा पळणारा कुत्रा आहे. त्याचं शरीर, त्याचा स्वभाव, त्याचं आजारपण, सगळं त्या एका गोष्टीशी बांधलेलं आहे.

कारवान, कारवानी, पश्मी, मुधोळ हाउंड हे सगळे वेगळे कुत्रे आहेत का?

मुळात एकच. इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया या भागांतून व्यापाऱ्यांच्या कारवाँबरोबर सालुकी आणि ताझी या तिकडच्या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या वळणाचे कुत्रे दख्खनेत आले आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्या माळरानावर राहून इथलेच झाले, असं मानतात. कारवाँबरोबर आला म्हणून कारवान. आखूड, गुळगुळीत केसांचा तो कारवानी. कानांवर, शेपटीवर आणि पायांमागे रेशमासारखे लांब केस असतील तर तो पश्मी.

मुधोळ हे नाव बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ गावावरून पडलं. ते घोरपड्यांचं संस्थान. तिथले श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी बेडर या तिथल्या जमातीच्या लोकांकडचे हे शिकारी कुत्रे पाहिले, त्यांची नीट पैदास सुरू केली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. तेव्हापासून ते नाव रूढ झालं. आजही कागदोपत्री घोळ होतो, कारण केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. म्हणजे कागदावर वेगळं नाव दिसलं म्हणून फसवलं गेलोय असं समजू नका. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यातही हा मुधोळ हाउंड म्हणूनच आहे.

कुत्रा इतका हडकुळा का? पोटभर खायला घालता ना?

हा प्रश्न मला रस्त्यावर अनोळखी लोकही विचारतात. कारवान खांद्यापाशी ६५ ते ७२ सेंटीमीटरपर्यंत भरतो, पण वजन २० ते २८ किलोच्या आसपासच असतं. छाती खोल, पोट वर ओढलेलं, कंबर मुठीएवढी बारीक, अंगावर चरबी जवळजवळ नाही. पळण्यासाठी तसंच शरीर लागतं. मागच्या दोन-तीन बरगड्या आखूड केसांतून दिसणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे.

तरी खरोखर वाळलेला कुत्रा ओळखता आला पाहिजे. मांड्यांवर हात ठेवा. तिथे घट्ट, गोल मांस लागलं पाहिजे. पाठीचा एकेक मणका मोजता येत असेल, खुब्याची हाडं टोचत असतील, डोक्याच्या वर कानांच्या मध्ये खळगा पडला असेल, तर जंत, गोचीड ताप किंवा अपुरं खाणं यांपैकी काहीतरी आहे. लोकांच्या बोलण्याला कंटाळून कुत्र्याला गुबगुबीत करणारेही मी पाहिलेत. या सडपातळ पायांवर चार-पाच किलो जास्तीचे चढले की सांधे लवकर जातात.

स्वभाव कसा असतो? चावतो का?

अलिप्त. कारवानसाठी मला सुचणारा सगळ्यात खरा शब्द हाच. घरच्या माणसांवर त्याचा जीव असतो, पण तो जीव दाखवण्याची पद्धत शांत असते. हरणी दारात येऊन अंगावर उड्या मारत नाही. मी खुर्चीत बसलो की येते, आपली लांब हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवते आणि तशीच उभी राहते. मी हात फिरवला नाही तरी तिची तक्रार नसते.

परक्या माणसाने अंगाला हात लावलेला या जातीला आवडत नाही. पाहुणा “अरे वा, किती छान” म्हणत वाकला की कुत्रा एक पाऊल मागे जातो, मान वळवतो. तो घाबरट आहे असं लोक म्हणतात. तो फक्त अंतर राखतोय. ते अंतर मोडून कोणी त्याला कोपऱ्यात गाठलं, डोक्यावरून हात आणला, मिठी मारली, तर मात्र तो दात दाखवेल. पाहुण्यांना मी एकच सांगतो: बसा, त्याच्याकडे बघू नका, आपल्या गप्पा मारा. दहा मिनिटांनी तो स्वतःहून येऊन तुमचा हात हुंगेल. नाही आला तरी राग मानू नका.

पिल्लू दोन ते चार महिन्यांचं असताना त्याला माणसं, गाड्या, छत्र्या, म्हाताऱ्यांच्या काठ्या, रांगणारी पोरं, सगळं हलक्या हाताने दाखवा. या वयात शेतावरच्या पिंजऱ्यात राहिलेलं पिल्लू पुढे आयुष्यभर बुजतं. स्वभाव बिघडलेले जेवढे कारवान माझ्या पाहण्यात आले, त्यांतले बहुतेक असेच वाढलेले होते.

राखणीला चालेल का?

जागा राहील, लांबची हालचाल तुमच्याआधी टिपेल, भुंकून सांगेलही. पण चोराला धरून ठेवणारा कुत्रा हवा असेल तर हा नव्हे. त्याच्या डोळ्याचा उपयोग वेगळा आहे. मेरठला लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअरच्या केंद्रात २०१६ पासून या जातीला प्रशिक्षण दिलं गेलं. तिथेही लोकांचा रस त्याच्या नजरेत, चपळाईत आणि दमात होता.

राखणीसाठी म्हणून त्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवू नका. बांधलेला कारवान एकतर खचतो किंवा चिडका होतो. आमच्या भागात गोठ्याच्या खांबाला बांधलेले असे कुत्रे दिसतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

घरात लहान मुलं आहेत, ठेवावा का?

मुलं ऐकणारी असतील तर ठेवा. कारवान मुलांशी सौम्य वागतो, पण शेपूट ओढणं, झोपेत अंगावर पडणं त्याला सहन होत नाही. ही जात गाढ झोपते, काही वेळा डोळे अर्धवट उघडे ठेवूनही. तेव्हा दचकून उठलेला कुत्रा आधी तोंड मारतो आणि मग बघतो. मुलांना शिकवा की झोपलेल्या कुत्र्याला लांबून हाक मारायची, हात लावायचा नाही. तीन-चार वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रा यांना एकटं सोडू नये, मग जात कोणतीही असो.

मांजर, कोंबड्या, शेळ्या?

पिल्लापासून एकत्र वाढवलं तर घरच्या मांजरीबरोबर तो एका पोत्यावर झोपेल. तीच मांजर अंगणात पळाली तर काय होईल, याची हमी मी देणार नाही. पळणारी वस्तू दिसली की त्याच्या डोक्यात कळ दाबली जाते. यात दुष्टपणा काही नाही. शेकडो वर्षं याच गुणासाठी त्याची वीण निवडली गेली. कोंबड्यांना जाळीचं खुराडं करा. शेळ्यांना बहुतेक कारवान सरावतात, पण नव्या करडांपाशी पहिले काही दिवस तो पट्ट्यावरच असू द्या. शेजाऱ्याची कोंबडी मेली की भांडण तुमच्या दारात येतं आणि मार कुत्र्याला बसतो.

हाक मारली तरी येत नाही. बहिरा आहे का, मठ्ठ आहे का?

दोन्ही नाही. बहुतेक कुत्रे नाकाने जग वाचतात, कारवान डोळ्यांनी. कवटी लांब आणि अरुंद, डोळे बाजूला सरकलेले, त्यामुळे मान न वळवता त्याला माणसापेक्षा कितीतरी रुंद पट्टा दिसतो. माळावर लांब हललेलं काहीतरी त्याने एकदा धरलं की कान बंद झाल्यासारखे होतात. त्या क्षणी तुम्ही घसा फोडून ओरडलात तरी आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. कुंपण नसलेल्या जागेत कारवानला मोकळं सोडायचं नाही. दहा वर्षं आज्ञाधारक असलेला कुत्राही अकराव्या वर्षी सशामागे हमरस्ता ओलांडू शकतो. वडिलांचा पहिला कारवान असाच गेला. सकाळची वेळ, रोजचा रस्ता, एक ससा उठला आणि पलीकडून ट्रक आला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

हाकेचा सराव मात्र करायचाच. बंदिस्त जागेत, पिल्लूपणापासून, रोज. आला की प्रत्येक वेळी काहीतरी चांगलं मिळालं पाहिजे: उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, अंड्याचा बलक. आणि उशिरा आला म्हणून कधीही मारू नका. उशिरा आलेल्याला मारलं की पुढच्या वेळी तो येतच नाही.

शिकवायचा कसा? ऐकतच नाही.

पाच मिनिटं शिकवा, मग सोडा. बस, ऊठ, दे हात, हे पन्नासदा करायला लावलं तर तिसऱ्या वेळेनंतर तो तुमच्याकडे पाठ करून बसेल. त्याला कळलेलं असतं, पुन्हा का करायचं ते कळत नाही. आवाज चढवला, काठी उगारली की तो मनाने मिटतो आणि दोन-दोन दिवस जवळ येत नाही. हा फार हळव्या मनाचा कुत्रा आहे. शिवाय “बस” ही आज्ञा अनेक कारवानना शरीरानेच अवघड जाते. लांब मांड्या आणि कमी मांस, त्यामुळे कडक फरशीवर बसणं त्यांना टोचतं. त्याऐवजी “थांब” आणि “झोप” शिकवा.

रोज किती पळवायला लागतं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी. दौडीत हा कुत्रा एका ढांगेत दोनदा पूर्ण हवेत असतो: एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा ताणून पसरलेले असताना. अशा धावण्याला प्रचंड ताकद लागते आणि ती थोड्या वेळात संपते. पूर्ण वाढलेल्या कारवानला दिवसातून दोनदा अर्धा-पाऊण तास चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा बंदिस्त मैदानात मनसोक्त पळणं पुरतं. उरलेला वेळ तो झोपतो. दिवसाचे सोळा तास झोपला तरी काळजी करू नका.

मैदान नसेल तर बांबूच्या टोकाला दोरी, दोरीला जुनं फडकं, आणि ते जमिनीवरून गोल फिरवायचं. पाच मिनिटांत समाधान होतं. खेळ संपताना फडकं त्याला धरू द्या; कधीच न सापडणारी शिकार त्याला बेचैन करते.

वर्ष-सव्वा वर्षापर्यंतच्या पिल्लाला मोटारसायकलमागे पळवणं हा सरळ गुन्हा आहे असं मी मानतो. हाडांच्या टोकांची वाढीची जागा तोवर मिटलेली नसते आणि त्या काळात पडलेला ताण आयुष्यभर पाय वाकडे करतो. मोठ्या कुत्र्यालाही डांबरी रस्त्यावर असं पळवू नये.

फ्लॅटमध्ये राहील का?

राहील, आणि बऱ्याच जातींपेक्षा शांत राहील. फार भुंकत नाही, वास कमी, केस थोडे. दोन गोष्टी सांभाळा. बाल्कनीचा कठडा त्याला उडी मारून पार करता येतो, तेव्हा जाळी लावा. आणि गुळगुळीत टाइल्सवर तो घसरतो; वळणावर आणि झोपायच्या जागी चटया टाका. झोपायला जाड गादी हवीच, नुसतं पोतं नको. कोपरांवर मांस नसल्याने कडक जमिनीवर झोपून तिथे घट्टे पडतात, मग त्यात पाणी भरतं.

पट्टा कोणता घ्यावा?

या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण कुत्रे हरवण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. कारवानचं डोकं मानेइतकंच, कधी मानेपेक्षाही अरुंद असतं. साधा गोल पट्टा तो मागे सरकून एका झटक्यात डोक्यावरून काढतो. त्यासाठी मार्टिंगेल नावाचा पट्टा मिळतो: रुंद कापडी पट्टी आणि तिला जोडलेला लहान फास. ताण आला की तो तेवढाच आवळतो जेवढ्यात डोकं निघणार नाही, आणि गळा दाबला जात नाही. पट्टी किमान चार-पाच सेंटीमीटर रुंद असावी. अरुंद पट्टा आणि साखळी लांब नाजूक मानेला दुखापत करतात.

आपोआप लांब-आखूड होणारी दोरी या जातीला कधीही लावू नका. पंधरा-वीस फुटांतही हा कुत्रा चांगला वेग पकडतो आणि दोरी संपते तेव्हा सगळा झटका मानेवर बसतो. तुमची बोटंही कापली जातात.

पट्ट्यावर फोन नंबर शिवून घ्या.

फटाक्यांना फार घाबरतो, काय करू?

दिवाळीत सर्वांत जास्त कारवान हरवतात. संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा, आतली खोली बंद करा, पंखा किंवा रेडिओ लावा, त्याची गादी पलंगाखाली सरकवा आणि शक्य असेल तर कोणीतरी जवळ बसा. थरथरणाऱ्या कुत्र्याला जवळ घेतल्याने तो भित्रा होत नाही, घ्या जवळ. फारच त्रास होत असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांशी बोला, तेव्हा औषध ठरवता येतं. ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री माणसांची झोपेची गोळी देणं धोक्याचं आहे.

खायला काय द्यावं? भाकरी-दूध पुरेल का?

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी आणि दूध यावरच कुत्रे वाढले, त्यामुळे जुनी माणसं हेच सांगतात. ते एक गोष्ट विसरतात: ते कुत्रे ससे मारून खात होते. आता ते खाणं बंद झालं, तेव्हा मांसाची जागा कशाने तरी भरायला हवी. भाकरी किंवा भात असू दे, पण ताटात निम्म्याच्या आसपास कोंबडी, अंडी, मासे असं काहीतरी हवं. थोडी कलेजी, शिजवलेला भोपळा किंवा गाजर, एखादा चमचा दही चालतं. दुधाने जुलाब होत असतील तर दूध बंद करा. फक्त घरच्या अन्नावर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडतं, पण किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. जास्त झालेलं कॅल्शियमही हाडं बिघडवतं. कोरडं तयार खाद्य देत असाल तर चांगल्या प्रतीचं द्या आणि पाणी भरपूर ठेवा.

शिजवलेली हाडं नाहीत. कांदा, लसूण, चॉकलेट नाही. द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नाहीत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तासगाव-जतकडच्या द्राक्षपट्ट्यात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण बेदाण्याच्या शेडजवळ कुत्रे मोकळे हिंडत असतात. बागेत फवारणी झाली असेल त्या दिवशी कुत्रा तिकडे नेऊ नका.

जेवल्यावर पळवू नये म्हणतात, खरं आहे का?

हो. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट वायूने फुगून स्वतःभोवती पीळ घेऊ शकतं. दिवसाचं जेवण दोन-तीन वेळा विभागून द्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी दौड नको. पोट ढोलासारखं ताणलेलं, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, लाळ गळतेय, बसवत नाही, उभं राहवत नाही: हे दिसलं की सोडा, हिंग, ओवा करत बसू नका. गाडी काढा. शस्त्रक्रिया लागते आणि हातात काही तासच असतात. रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कुठे आहे, हे आजच शोधून ठेवा.

डॉक्टरांना काय सांगायला हवं?

पहिलं, भुलीबद्दल. अंगात चरबी कमी आणि यकृताकडून काही औषधं सावकाश मोडली जातात, म्हणून थायोपेंटोनसारख्या भुलीतून ग्रेहाउंड, म्हणजे शर्यतीत पळवतात ते विलायती कुत्रे, फार उशिरा बाहेर येतात, हे नीट माहीत झालेलं आहे. त्याच बांध्याच्या कारवानबाबत तीच सावधगिरी घ्यावी. नसबंदी असो की दात साफ करणं, “हा साइटहाउंड (नजरेने शिकार करणारा कुत्रा) आहे, भूल बघून द्या” हे वाक्य आधी बोला. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही. शुद्धीवर येताना कुत्र्याला गरम पांघरूण द्या, तो पटकन गार पडतो.

दुसरं, रक्ताच्या तपासणीबद्दल. ग्रेहाउंड आणि त्याच्या भाऊबंदांत तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, प्लेटलेट कमी आणि थायरॉइडचं टी-४ हे संप्रेरक कमी असणं हे नेहमीचं असू शकतं. हरणीला एकदा एका दवाखान्यात केवळ टी-४ कमी आलं म्हणून कायमच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. ती हिंडत-फिरत होती, केस चमकत होते, वजन स्थिर होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी लक्षणं आणि पुढच्या तपासण्या पाहून गोळ्या लागणार नाहीत असं सांगितलं.

पण याची उलट बाजू जास्त महत्त्वाची. आपल्याकडे गोचीड तापात प्लेटलेट घसरतात. “या जातीत कमीच असतात” म्हणून तेही सोडून देऊ नका. कुत्रा खात नसेल, ताप असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, नाकातून रक्त आलं असेल, तर त्याच दिवशी तपासणी. म्हणून तरुण आणि ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवा. पुढे तुलना त्याच्याशीच करता येते.

गोचिडांसाठी गाई-म्हशींचं औषध कुत्र्याला चोळू नका, आणि गुरांच्या आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचू नका. पाहता पाहता कुत्रे झटके येऊन गेलेत. वजन करून कुत्र्यांसाठीचंच औषध घ्या. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, चुकवायची नाही. डिस्टेंपर-पार्व्होच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात.

जरा काही लागलं की कातडं फाटतं. हे बरोबर आहे का?

त्याची कातडी खरंच पातळ असते, खाली चरबीची गादी नसते. बाभळीचा काटा, काटेरी तार, दुसऱ्या कुत्र्याचा दात, एवढ्याने हातभर चीर पडते. एकदा तारेच्या कुंपणातून आल्यावर हरणीच्या मांडीवरचं कातडं लिफाफ्यासारखं उघडलं होतं आणि रक्त मात्र दोन थेंब. ती शेपूट हलवत उभी होती. अशा वेळी हळद-चुना भरू नका. मिठाच्या पाण्याने धुवा, स्वच्छ ओल्या फडक्याने झाका आणि टाके घालून आणा. शेताला तार असेल तर कुत्र्याच्या उंचीला रंगीत फडकी बांधा; वेगात त्याला बारीक तार दिसत नाही. शेपटीचं टोक भिंतीवर आपटून फुटणं हाही याच जातीचा चिवट त्रास. तिथे पट्टी टिकत नाही, महिना जातो.

ऊन आणि थंडी किती सोसतो?

दख्खनचा असल्याने ऊन बऱ्यापैकी सोसतो, पण उन्हात पळणं वेगळं. मार्च ते जून सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच फिरवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. दौडीनंतर ते झपाट्याने चढतं, आणि १०५ च्या पुढे गेलं की जिवावर येतं. जीभ गडद लाल, पाय लटपटणं, डोळे शून्यात: लगेच सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तसेच ओल्या अंगाने दवाखान्यात न्या.

थंडीत त्याला स्वेटर घाला. लोक हसले तर हसू द्या. हिवाळ्यात रात्री कुडकुडणारा कारवान उघड्यावर ठेवायचा नसतो.

सशाच्या शिकारीला किंवा शर्यतीला नेऊ का?

शिकारीला नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत कुत्रा सोडून पाठलाग करवणंही येतं, मग प्राणी हाती लागो न लागो. ससा, चिंकारा, काळवीट, कोणामागेही नाही.

शर्यतीबद्दल माझं मत कडवट आहे. शर्यतींच्या नादात कारवानमध्ये ग्रेहाउंडचं रक्त बेसुमार मिसळलं गेलं. दोन-चार सेकंदांसाठी आपण दगड-धोंड्यावर टिकणारा, थोडक्यात भागवणारा कुत्रा घालवत चाललोय. पळणं ही त्याची गरज आहे, पैज ही आपली.

पिल्लू कसं निवडावं?

आई-बाप बघितल्याशिवाय घेऊ नका. आई परक्यापासून दूर सरकली तर चालेल. कोपऱ्यात थरथरत किंवा अंगावर येत असेल तर ते घर सोडा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार मनाई आहे, आणि पैदास करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ते कागद मागा. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, जातीची माहिती घ्यायला तिथे एकदा जाऊन यावं.

पिल्लू लहानपणी बेढब दिसतं: मोठे गुडघे, लांब नाक, पायात पाय. सुंदर पिल्लाच्या मागे लागू नका. पायावर सरळ उभं राहणारं, चावी पडल्याच्या आवाजाने दचकून पुन्हा बघायला येणारं पिल्लू घ्या.

किती वर्षं जगतो, म्हातारपणी काय लागतं?

नीट सांभाळलेला कारवान बारा-तेरा वर्षं सहज जगतो. अचानक एका पायाने लंगडायला लागला आणि आठ दिवसांत थांबलं नाही, तर मुरगळलं असेल म्हणून तेल चोळत बसू नका. मोठ्या कुत्र्यांत हाडाचा कर्करोग असाच सुरू होतो, एक्स-रे काढा. दात लवकर खराब होतात, आठवड्यातून तीन-चारदा घासा.

हरणी आता पायऱ्या सावकाश चढते. तिच्यासाठी ओट्याला आम्ही लाकडी उतार केला, त्यावर पोतं ठोकलं, आणि पाण्याचं भांडं एका विटेवर ठेवलं म्हणजे तिला मान फार वाकवावी लागत नाही. सकाळी ती उताराच्या वरच्या टोकाला उभी राहून बांधापलीकडचा माळ बघत असते. मी तिथे बसून पट्टा बांधतो, मग आम्ही निघतो.